पडद्यावर मांडलेलं गाव

भोरात किंवा वेल्ह्याच्या अंगाला कुणी वारलं, की सोयऱ्यांच्या पाठोपाठ ती खबर आमच्या घरी यायची. अब्बांचा फोटो स्टुडिओ भोरच्या बाजारपेठेत होता आणि आम्ही त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत राहायचो. सकाळच्या एसटीने एखादा उतरलेल्या चेहऱ्याचा माणूस यायचा, पायरीशी घुटमळायचा, आणि अम्मी आतूनच म्हणायची, "नसीम, आधी पाणी दे त्याला." पाणी पिऊन झालं की तो पिशवीतून एखादा लग्नातला घोळक्याचा फोटो काढायचा आणि मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोक्यावर बोट ठेवायचा. "ह्यो आमचा आबा. येवढाच मोठा करून द्या." मग अब्बा निगेटिव्ह शोधायला बसायचे. उभ्या आयुष्यात काढलेली प्रत्येक निगेटिव्ह त्यांनी बटरपेपरात घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जपली होती. एकेका गावाचा एकेक डबा. ते आबाचं डोकं मोठं करायचे, आणि आजूबाजूचे वऱ्हाडी पुसून आबाच्या उघड्या डोक्यावर फेटा चढवायचं काम माझं. माझ्या वयाच्या मुली मेंदी काढायला शिकत होत्या तेव्हा मी ब्रश घेऊन मेलेल्यांना फेटे बांधत होते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेराव्याला भिंतीवरच्या फोटोला हार पडला नाही, तर माणूस नीट मार्गी लागला असं आमच्याकडच्या गावांत कुणाला वाटत नाही. म्हणून अब्बा ते काम कधी उद्यावर टाकायचे नाहीत, आणि डब्यांना आम्हा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

कॉम्प्युटर आला तो याच डब्यांच्या शेजारी. माझा मोठा भाऊ रियाज पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि त्याच्या मते जगातले सगळे रोल आता बंद पडणार होते. त्याने अब्बांना डिजिटल कॅमेरा घ्यायला लावला आणि पाठोपाठ कॉम्प्युटर. धूळ लागू नये म्हणून त्याची जागा ठरली डार्करूममध्ये. मधोमध काळा पडदा लावला. पडद्याच्या एका बाजूला अब्बांचा फोटो मोठे करायचा एन्लार्जर, धुवायचे ट्रे, नळाची टिपटिप आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा तो नाकात बसणारा आंबूस वास. दुसऱ्या बाजूला टेबलावर कॉम्प्युटर आणि खाली गूं गूं करणारा स्टॅबिलायझर. अम्मीने दोन्ही पेट्यांना क्रोशाची झालर लावलेले अभ्रे शिवले. भाई म्हणाला, चालू असताना अभ्रा काढायचा. पण वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा काही नेम नसायचा, त्यामुळे अभ्रा चढलेलाच राहायचा आणि आतली पेटी ताप आलेल्या पोरासारखी गरम व्हायची. अम्मी त्यावर हात ठेवून म्हणायची, "ह्याला बरं नाहीये रे." भाई हसायचा.

आम्ही कुणीच त्याला बरं राहू दिलं नाही. अब्बांना वाटायचं स्क्रीन बंद केला की कॉम्प्युटर बंद झाला. म्हणून दुकान वाढवताना ते आधी स्क्रीनचं बटण दाबायचे आणि मग शिस्तीत मेन स्विच खाली ओढायचे. आत काहीतरी खाडकन थांबल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी सुरू करताना निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बराच वेळ चालायची आणि आम्ही चपला बाहेर काढून, हाताची घडी घालून ती वाचल्यासारखं करायचो. जागा कमी पडते म्हणून भाईने एकदा ज्या फायलींची नावं त्याला माहीत नव्हती त्या सगळ्या उडवल्या, आणि स्पीकरचा आवाज कायमचा गेला. कॅसेटच्या दुकानवाल्याने आणलेल्या गाण्यांच्या सीडीतून काहीतरी शिरलं आणि त्यानंतर कुठलीही गोष्ट उघडायला इतका वेळ लागायचा की अम्मीची भाकरी व्हायची. आणि मग पेटीच्या आतून एक वेगळाच आवाज सुरू झाला. कट, कट, कट. मधे गप्प. पुन्हा कट, कट. लाकडात किडा लागला की येतो तसा. जेवताना तो आवाज पडद्यामागून यायला लागला की अब्बांचा घास हातातच थांबायचा. ते भाईकडे बघायचे. भाई खाली बघून रस्सा ओरपत राहायचा.

आज माझ्या मोबाईलवर जागा भरल्याची सूचना येते तेव्हा माझी भाची पटापट काय काय पुसून टाकते. मी तिच्या हातातून फोन काढून घेते. ती म्हणते, "फुफी, सगळं वर सेव्ह असतं." वर कुठे, असं मी विचारते आणि ती डोळे फिरवते. मला भांडायचं नसतं. पण सगळं आहे, काळजी करू नका, असं कुणी म्हणालं की मी अजूनही फोन हातातून सोडत नाही.

कट, कट सुरू झालं त्या वर्षी गुंजवणीच्या खोऱ्यातलं एक गाव उठत होतं. धरणाची भिंत वर आली होती आणि त्या गावाला हायवेच्या बाजूला, कामथडीच्याही पुढे, माळावर जागा मिळाली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या लोकांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडत नाही. त्यांनी अब्बांना निरोप धाडला: घरांची दारं-चौकटी काढायच्या आधी या, दारात बसवून एकेका घराचा फोटो काढा. अब्बांनी रोलचा कॅमेरा पिशवीत घातला होता, पण भाईने तो काढून ठेवला. अख्ख्या गावाला रोल किती लागतील, म्हणाला, आणि एक हलला तर पुन्हा ते घर कुठून आणणार? नव्या कॅमेऱ्यात फोटो तिथल्या तिथे दिसतो. या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. आम्ही तिघंही निघालो. विंझरला चहा घेतला, पुढे एका टेम्पोत उभं राहून गेलो, आणि गावात शिरलो तेव्हा अर्ध्या घरांची कौलं उतरलेली होती. वाशांमधून ऊन थेट चुलीवर पडत होतं. कुत्री एका जागी बसत नव्हती. बायका मात्र नवी लुगडी नेसून, पोरांची डोकी तेलाने चोपडून, दारात आमची वाट बघत होत्या.

हौसाबाईचं घर वरच्या आळीचं शेवटचं. तिने आम्हाला नाचणीची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी वाढली. त्या चुलीवरचा तो शेवटचा स्वयंपाक होता आणि ती ते सांगतही होती, वाढतही होती. तिचा नवरा धोंडिबा मात्र फोटोला बसायला तयार नव्हता. जन्मात त्याचा एकही फोटो नव्हता. लेकाच्या लग्नातही कॅमेरा दिसला की तो गोठ्यात जाऊन उभा राहिला होता.

"फोटूत माणूस अडकतो," तो अब्बांना म्हणाला. "हसू नका, चाचा. म्या बघितलंय. माझ्या बापाचा फोटू काढला आन त्यो वर्सात गेला."

"अडकू द्या," हौसाबाई आतून म्हणाली. "हितंच अडकू द्या, दारात. निदान तुमी तरी हितं ऱ्हावा."

बराच वेळ त्याने तंबाखू मळली आणि मग येऊन उंबऱ्यावर बसला, हौसाबाईच्या शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ. अब्बांनी फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत त्याला दाखवला. नखाएवढा धोंडिबा. त्याने कितीतरी वेळ बघितलं, मिशीला हात लावला, पुन्हा काचेत बघितलं. "ह्यो मी व्हय?" असं म्हणाला आणि कधी नव्हे ते हसला. अब्बा म्हणाले, पुण्याहून मोठा करून आणतो. तर हौसाबाईने हात हलवला. "आता नगं. आता लावायचा कशाला? पत्र्याच्या शेडला खिळाबी बसत न्हाई. भिंती झाल्या की नेऊ. तंवर तुमच्या डब्यात ऱ्हाऊ द्या." गावातला जो तो हेच म्हणाला. अब्बांच्या डब्यात ठेवलेली वस्तू हरवत नाही, हे त्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

भाईने कॅमेरा रिकामा करून फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवले, पण अब्बांना त्यात शिरून ते शोधता यायचे नाहीत. फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात नंबर. ते दर वेळी वाट चुकायचे. म्हणून भाईने क्लासमध्ये शिकलेली एक युक्ती केली. प्रत्येक घराच्या फोटोचं एक छोटं चित्र कॉम्प्युटरच्या समोरच्या पडद्यावरच आणून ठेवलं आणि खाली घराचं नाव लिहिलं. दाबलं की फोटो उघडणार. अब्बांना हे इतकं आवडलं की त्यांनी माऊस धरायला शिकायचं मनावर घेतलं. दुपारी दुकानात सामसूम असली की ते पडद्याआड जाऊन बसायचे आणि ती चित्रं सरकवत राहायचे. मी एकदा डोकावले तर त्यांनी सगळं गाव मांडलं होतं. वर वरची आळी, तिच्या टोकाला धोंडिबाचं घर, मधे देवळापुढची मोकळी जागा, खाली ओढ्याकाठची घरं. जसं गाव होतं तसं. "बघ, नसीम," ते म्हणाले, "हे काही पाण्यात जात नाही." मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. पण पेटीतून कट, कट ऐकू येत होतं आणि पडद्याच्या त्या उजेडात अब्बांचा चेहरा पाण्याखालून बघावा तसा दिसत होता.

लगीनसराई तोंडावर आली तसं मशीन पुरतं बसलं. पडद्यावर सारखी जागा नसल्याची पाटी यायची. भाईने ठरवलं की आधी गाव सीडीवर घ्यायचं, मग मशीन पूर्ण पुसून नव्याने सगळं भरायचं. त्याने मित्राकडून सीडी लिहायचं यंत्र आणून जोडलं. भर दुपारची वेळ होती. अम्मी पदराला हात पुसत दारात उभी राहिली, अब्बा स्टुलावर, मी त्यांच्या मागे. भाईने पडद्यावरची ती सगळी चित्रं, वरच्या आळीपासून ओढ्यापर्यंत, एका झटक्यात निवडली आणि सीडीवर सोडली. चहा गाळून होईतो सीडी बाहेर आली.

"झालं?" अब्बा म्हणाले.

"झालं."

"अख्खं गाव? एवढ्यात?"

"अब्बा, कॉम्प्युटर आहे तो. तुमचा एन्लार्जर नाही."

"उघडून दाखव."

भाईने कुरकुर न करता सीडी पुन्हा आत घातली. सीडीवरच्या धोंडिबाच्या नावावर दाबलं. धोंडिबा आला. उंबऱ्यावर, हात गुडघ्यांवर, शेजारी हौसाबाई, मागे अर्धवट उघडं दार आणि आत अंधारात चमकणारा तांब्या. अब्बांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी एकेक घर उघडायला लावलं. एकही घर चुकलं नाही. मी मागून विचारलं, "भाई, ह्या चित्रांच्या कोपऱ्यात हा वाकडा बाण कसला आहे?" तो म्हणाला, "तो असतोच. इथे पडद्यावर पण आहे, बघ." होता खरा. प्रत्येक घराच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा, वाकलेला बाण, दुसरीकडे कुठेतरी जा म्हणून सांगणारा. आमच्यापैकी कुणालाच तो काय सांगतोय हे वाचता आलं नाही. अब्बांनी सीडी बटरपेपरात गुंडाळली, त्या गावाच्या डब्यात जुन्या निगेटिव्हांच्या वर ठेवली आणि झाकण हाताने दाबून बसवलं. त्याच संध्याकाळी भाईने मशीन पुसलं. कट, कट थांबलं. जेवताना इतकी शांतता वाटली की अम्मी म्हणाली, "बरं झालं बाई, सुटलो." मला त्या शांततेत जेवण गेलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मग लग्नं आली. मशीनमध्ये नवऱ्या, नवरदेव, पंगती, वराती भरत गेल्या. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे टाकल्याचं कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं. अब्बा एकटेच स्कूटरवरून जाऊन बघून आले आणि आल्यावर अंगणातल्या पिंपातून तांब्यावर तांबे पाणी अंगावर घेत राहिले. "देवळाचा कळस दिसतो फक्त," एवढंच अम्मीला म्हणाले. काही दिवसांनी तोही दिसेनासा झाल्याची बातमी आली. त्या दिवशी अब्बांनी डबा खाली काढला, झाकण न उघडता फडक्याने पुसला आणि परत फळीवर ठेवला.

हौसाबाई आली ती सकाळच्या एसटीने. बरोबर तिचा लेक सुदाम, डोकं भादरलेला. ते डोकं मी जाळीतून बघितलं आणि अम्मीच्या सांगण्याआधीच तांब्या उचलला. तिने पायरीवर न थांबता सरळ काउंटरशी येऊन तांदळाची एक पिशवी ठेवली.

"शेवटच्या पिकाचं हायेत, चाचा. तुमच्यासाठी राखून ठिवलं व्हतं." मग तिने पदर सावरला. "मालक गेलं. बसल्या जागी गेलं, तरास न्हाई झाला. म्याच म्हनलं व्हतं, भिंती झाल्या की नेऊ. भिंती झाल्या. आता द्या त्यांना."

अब्बांनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली आणि स्वतः डबा काढला. आम्ही सगळे पडद्यामागे गेलो. तिला यायचंच होतं. मोठा करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघते, म्हणाली. भाईने सीडी आत सारली. नावं आली. वरची आळी, खालची आळी, सगळी. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, पण सुदामने बोट ठेवलं, "आये, ह्ये आपलं." भाईने त्यावर दाबलं.

फोटो आला नाही. एक छोटी चौकट आली आणि तिच्यात एक बॅटरी इकडून तिकडे फिरायला लागली, अंधारात कुणी वाट शोधावी तशी. भाईने पुन्हा दाबलं. पुन्हा बॅटरी. त्याने शेजारचं घर दाबलं, त्याच्या शेजारचं, ओढ्याकाठचं. प्रत्येक घराला ती बॅटरी यायची, थोडी फिरायची आणि विझायची. भाईच्या कानामागून घामाचा ओघळ आला.

"बॅटरी घिऊन कुणाला शोधतंय त्ये?" हौसाबाईने विचारलं.

माझी नजर चित्रांच्या कोपऱ्यातल्या बाणांवर गेली. भाईने आमच्या आधी ओळखलं होतं. तो स्टुलावरून उठला, पुन्हा बसला. पुढे तो पुष्कळ काही शिकला, कॉम्प्युटरवर चांगलं पोट भरलं त्याने, पण त्या दिवसाइतका म्हातारा मी त्याला नंतर कधी बघितला नाही.

"मावशी," तो म्हणाला, "ह्यात फोटो नाहीतच. फोटो कुठे ठेवलाय त्याचा नुसता पत्ता आहे. आम्ही तपासलं तेव्हा दिसला, कारण फोटो तेव्हा ह्याच मशीनमध्ये होता, पत्त्यावर जाऊन सापडत होता. नंतर मी मशीन पुसलं. मला वाटलं हे चित्र म्हणजेच फोटो."

"म्हंजी पत्ता हाय."

"हो."

"आन घर न्हाई."

"नाही, मावशी."

तिला फसवता आलं असतं. या आठवड्यात देतो, मशीन बिघडलंय, असं म्हणता आलं असतं. भाईच्या तोंडावर ते आलंही होतं, मी बघितलं. पण अब्बा मधे उभे होते.

"मग आमच्यावानीच झालं की," ती म्हणाली. "रेशनकार्डावर अजून त्येच गाव हाय आमचं. घर नंबरबी हाय."

सुदाम भाईच्या अंगावर जायला निघाला. त्याचा राग खरा होता, आणि भाई हलला नाही, मारलं असतं तर बरं असा उभा राहिला. हौसाबाईनेच लेकाचा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. कुणाला मारतोस? त्यांस्नी अडकायचंच नव्हतं. न्हाई अडकलं." मग मात्र तिचा आवाज फुटला. "पन दारात तरी ऱ्हायाचं व्हतं. म्या सांगितलं व्हतं त्यांस्नी, दारात ऱ्हावा म्हनून." अम्मी आत येऊन तिला धरून बसली. दोघी एकमेकींना नीट ओळखतही नव्हत्या.

अब्बा आणि भाई चादरीत मशीन बांधून एसटीने पुण्याला घेऊन गेले. तिथल्या माणसाने सांगितलं की त्या जागेवर आता लग्नं लिहिली गेलीत, खालचं काही निघायचं नाही. मधल्या काळात मी एक उपाय सुचवला होता. असे चेहरे मी आधी जुळवले होते: लेकाचं कपाळ, भावाचं नाक, मिशी आणि फेटा माझ्या हातचा. सुदाम बापाच्या वळणावरच होता. हौसाबाईने माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. "पोरी, त्यो माझा ल्योक हाय," ती म्हणाली. "जित्या लेकाच्या तोंडाला हार कसा घालू?" इतके दिवस मी ब्रश चालवला होता, पण हातातून ब्रश गळून पडावा असं त्याच दिवशी वाटलं.

तेराव्याच्या आधी अब्बा रोलचा जुना कॅमेरा घेऊन माळावरच्या वस्तीत गेले. मला बरोबर नेलं, भाई स्वतःहून आला. सिमेंटची कोरी घरं एका रांगेत उभी होती, कशालाच अजून ओल्या मातीचा वास लागलेला नव्हता आणि हायवेवरच्या ट्रकांनी पत्रे थरथरत होते. अब्बा दारोदार गेले आणि प्रत्येक घराला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की तुमचं जुनं दार माझ्याकडून हरवलं. कुणी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्याने नुसतं दार लावून घेतलं. बहुतेकांनी पाणी विचारलं, आणि ते जास्त जड गेलं. हौसाबाई आमची वाट बघतच होती. ती उंबऱ्यावर बसली, पण मधोमध नाही, एका कडेला, पूर्वी बसली होती तिथेच. शेजारची जागा तिने हाताने झाडली.

"ते हितं बसल्यात असं समजा आन काढा," ती म्हणाली.

अब्बांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. मग एकदाच खटका दाबला.

तो फोटो आम्ही घरीच धुतला. मशीन पुण्यालाच राहिलं होतं. पडद्याच्या त्या बाजूला आता काहीच नव्हतं, टेबलावर नुसता अभ्र्याचा चौकोनी डाग होता. ट्रेमध्ये कागद हळूहळू काळा होत गेला. आधी चौकट आली, मग लुगड्याचा काठ, मग हौसाबाईचा चेहरा. शेजारी उंबऱ्याचा रिकामा भाग आला आणि तसाच राहिला. लाल दिव्यात अब्बा माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "त्या जागेला ब्रश लावायचा नाही." मला लावायचाही नव्हता.

तेराव्याला आम्ही गेलो. भिंतीवर पहिलाच खिळा, खिळ्याला तो फोटो, खाली समई. पंगतीत बायका कुजबुजत होत्या. शेवटी एका म्हातारीला राहवलं नाही. "हौसे, जित्या मानसाच्या फोटूला हार घालू न्हाई गं. अभद्र असतं."

"जवळ येऊन बघा की," हौसाबाई म्हणाली.

म्हातारीबरोबर मीही पुढे गेले. झेंडूचा हार तिने दोरा आखडून लहान केला होता आणि फोटोच्या एका बाजूला, रिकाम्या उंबऱ्यावर सोडला होता. मी वाकून बघितलं. तिच्या खांद्याला तो कुठेच लागत नव्हता.